जुन्या बोर्डातली किल्ली

साइगो, ओकी बेट
७ सप्टेंबर २०१५

तोमोया,

आठ महिन्यांनी पत्र आलं म्हणून लगेच फुशारून जाऊ नकोस. काम आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ओरडतोस. कागदावर ओरडायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस जरा निवतो. तेव्हा उत्तर पत्रानंच दे. फोन केलास तर मी उचलणार नाही.

आमचा टीव्ही ऑगस्टमध्ये बंद पडला. लाल दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. बंदरावर विजेच्या सामानाचं दुकान आहे ते नोत्सुकाका येऊन बघून गेले. पाच वर्षांची हमी संपायला नऊ दिवस उरले होते. काकांनी धावपळ करून आतलं मोठं बोर्डच नवीन बसवून दिलं. चित्र आता पहिल्यापेक्षा झकास दिसतं.

पण टीव्हीला जोडलेल्या डिस्कवर बाबांची कुस्ती आहे. देवळाचं छप्पर नवं झालं त्या वर्षी बेटावर सुमो झाली, तेव्हा आमच्या गटाचे सगळ्यांत मोठे मल्ल बाबा होते. टीव्हीवर दाखवली होती. बाबांनी ती रेकॉर्ड केली आणि लाजेनं कधी कुणासमोर लावली नाही. आता डिस्क लावली की पडद्यावर येतं : ‘ही डिस्क या टीव्हीची नाही. नोंदवायची का? नोंदवल्यास आतलं सर्व पुसलं जाईल.’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. आईचं बोट ‘हो’वर होतं. मी रिमोट हिसकावून घेतला.

टीव्हीवाल्यांना विचारलं, ते जुने कार्यक्रम बाहेर देत नाहीत. गावातल्या बाकीच्यांनी डिस्क भरल्यावर केव्हाच पुसून टाकले.

पंधरा नोव्हेंबरला बाबांना जाऊन दोन वर्षं होतात. सगळे नातेवाईक येतील. आई म्हणते, फोटोतला माणूस हलत नाही, त्या दिवशी मला हलता बघायचाय.

तू दुकानात दिवसभर बिघडलेले टीव्ही उघडतोस. काय करायचं ते सांग.

सायो


निप्पोनबाशी, ओसाका
१० सप्टेंबर

सायो,

‘हो’ दाबू नका. डिस्कची वायर काढ, डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेव आणि रिमोट आईंच्या हाताला लागणार नाही असा ठेव. हे आधी कर, मग पुढचं वाच.

मी फुशारलो नाही. पत्र चार वेळा वाचलं, तेही टीव्हीचा तपशील नीट कळावा म्हणून.

भानगड अशी आहे. टीव्हीवरचा कार्यक्रम कुणी नकलून विकू नये म्हणून टीव्ही रेकॉर्ड करताना त्याला कुलूप घालतो. किल्ली त्याच टीव्हीच्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये असते. डिस्क कॉम्प्युटरला लाव, काही दिसणार नाही. त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा, त्याच दिवशी बनलेला दुसरा टीव्ही आण, तोही म्हणेल, ही माझी नाही, पुसू का? चोरांसाठी केलेलं कुलूप, अडकली कोण, तर तुझी आई. कार्यक्रम घरात आला, बाबांनी आपल्या हातानं बटण दाबलं, आणि त्यांच्याच बायकोनं तो बघायला परवानगी कुणाची मागायची? ज्या टेबलाभोवती बसून हे ठरलं, त्या टेबलावर एकाच्याही बापाची कुस्ती नसणार.

आणि ते तुमचे नोत्सुकाका. दुकान चालवतात की भंगार? बोर्ड बदललं की डिस्क मेली, हे दुरुस्ती करणाऱ्याला माहीत नसेल तर त्यानं बल्ब विकावेत. एवढं विचारता आलं नाही, की वहिनी, यात काही जपून ठेवलंय का? तुझ्या बाबांची कुस्ती त्या गाढवानं पिशवीत घालून नेली.

जुनं बोर्ड कुठे आहे ते विचार. फेकलं असेल तर कुठल्या ढिगात, ते विचार. जळालं असेल तरी मी दुरुस्त करीन. किल्लीची चिप शाबूत असली की झालं. पंधरा नोव्हेंबरला अजून सहासष्ट दिवस आहेत.

तोमोया

ता.क. मी कॉलेज सोडल्याबद्दल तू काही विचारलं नाहीस. बरं केलंस.


साइगो
१६ सप्टेंबर

तोमोया,

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं, शिव्या गाळून. ते म्हणाले, “मध्ये मध्ये श्वास घेतेस तिथे काय लिहिलंय?” मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, “बराच काही-नाही लिहितो पोरगा.”

बोर्ड फेकलेलं नाही. हमीत बदललेलं जुनं बोर्ड कंपनीचं होतं, म्हणून त्यांनी ते मात्सुए शहरातल्या कंपनीच्या सेवा केंद्रात पाठवलं. अशी बोर्डं तिथे खोक्यात साठतात आणि दहा ऑक्टोबरला ट्रक येऊन चुरा करायला नेतो.

काकांचा चेहरा उतरलाय. तू म्हणतोस ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते म्हणतात, “माझ्या दुकानात येणारे लोक रेकॉर्ड करतात हवामान आणि स्वयंपाक. पुसलं तर पुन्हा लागतं. शिगेयोशिनं ती कुस्ती ठेवली असेल असं मला वाटलंच नाही. मला तर म्हणाला होता, पुसली.” शिगेयोशि म्हणजे माझे बाबा. त्या दिवशी बाबांच्या समोर मैदानात उतरलेला मल्ल म्हणजे नोत्सुकाकाच.

मी ओसाका सोडलं तेव्हा तुझ्या हाताला जखम होती, ती बरी झाली का?

सायो


ओसाका
२४ सप्टेंबर

सायो,

जखम बरी आहे.

परवा सुट्टी टाकून मात्सुएला गेलो. पाच तास बसमध्ये. सेवा केंद्रात खिडकीमागे एक पोरगेलासा माणूस, केस चोपून बसवलेले. मी तुमचं आडनाव सांगून म्हटलं, मुराओंच्या टीव्हीचं जुनं बोर्ड द्या. तो म्हणाला, परत आलेले भाग ग्राहकांना मिळत नाहीत. मी म्हटलं, त्यात एका मेलेल्या माणसाची कुस्ती आहे. तो म्हणाला, “बोर्डात कुस्ती नसते, साहेब.” खरंच होतं, म्हणून जास्त राग आला. मागे खोकी दिसत होती. निळी, प्लॅस्टिकची, हाताच्या अंतरावर. मी खिडकीच्या बाजूच्या फळीवरून पाय टाकला. पुढचं सांगण्यासारखं नाही. दोघांनी मला दंडाला धरून बसच्या थांब्यापर्यंत आणून सोडलं. एकानं टोपी परत आणून दिली, तो सभ्य होता.

पण पाच तास परत येताना मी विचार केला आणि मला सगळं कळलं. नोत्सु तुझ्या बाबांच्या समोर उतरले होते. मला कुस्तीतलं काही कळत नाही, पण हरलेल्या माणसाला आपली हार लोकांनी पुन्हा पुन्हा बघू नये असं वाटतं, एवढं कळतं. आणि नेमकं त्यांच्याच हातून बोर्ड जातं? नऊ दिवस उरले असताना धावपळ करून? तू भोळी आहेस.

दहा तारखेच्या आत मी ते बोर्ड आणीन. ट्रकच्या पुढे आडवा पडेन.

तोमोया


साइगो
२७ सप्टेंबर

तोमोया,

ट्रकचा ड्रायव्हर तुला ओलांडून जाईल आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटणार नाही.

हरले होते ते बाबा. पहिली फेरी नोत्सुकाकांनी जिंकली. बाबांना उचलून, पट्ट्याला धरून, सरळ बाहेर. सगळ्या बेटाला माहीत आहे. तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. तुला पाच तासांच्या बसमध्ये सगळं कळतं.

आमच्याकडे कुस्ती एका फेरीची नसते. त्याच दोन मल्लांची लगेच दुसरी फेरी होते आणि तिच्यात पहिल्या फेरीत जिंकलेला हरतो. हरायचंच असतं. छोटं बेट आहे, उद्या सकाळी त्याच बंदरावर तोंडं बघायची असतात. एक-एक बरोबरी झाली की दोन्ही घरं जन्माची बांधली जातात. बाबांच्या तिरडीला पहिला खांदा नोत्सुकाकांचा होता. तू त्यांना गाढव म्हणालास.

आपण ओसाकात भांडायचो तेव्हा मला नेमकं काय खुपायचं ते मला आता सापडलं. तुला फक्त पहिली फेरी येते. मास्तरांशी, मालकाशी, माझ्याशी, खिडकीतल्या त्या माणसाशी. जिंकलास तरी आणि हरलास तरी तू मैदान सोडून निघून जातोस.

आता ऐक. तू फळीवर चढायच्या चार दिवस आधीच काकांनी केंद्राला फोन केला होता. पाठवणाऱ्या दुकानानं लेखी दिलं तर ते बोर्ड परत देणार आहेत. काकांनी कागद भरूनही ठेवलाय, पण पाठवलेला नाही. त्रेसष्ट वर्षांच्या डोळ्यांना ते बारीक काम जमणार नाही, म्हणून बोर्ड तुझ्याच हातात द्यायचंय. मात्र ते म्हणतात, “ज्याच्या हातात शिगेयोशिला द्यायचं, त्यानं मला स्वतः दोन ओळी लिहाव्यात. शिव्या न गाळता चालतील.”

तेरा दिवस आहेत.

सायो


ओसाका
३० सप्टेंबर

माननीय नोत्सुकाका,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याबद्दल लिहायची रीत आहे. इकडे अजून उकडतंय. झालं.

मी तुम्हाला गाढव म्हणालो. भंगारवालाही म्हणालो. नंतरच्या पत्रात याहून वाईट लिहिलं आहे. ते सायोनं तुम्हाला वाचून दाखवलं नसेल, म्हणून मीच सांगतो. मी लिहिलं, की तुम्ही हरला होता आणि ती कुस्ती पुसली जावी म्हणून तुम्ही मुद्दाम बोर्ड बदललंत. हे मी तुम्हाला न बघता, न विचारता, एका बसमध्ये ठरवलं.

तुमच्या जागी मी असतो तर मीही बोर्ड बदललं असतं. हमी संपत आलेली, गिऱ्हाईक मित्राची बायको. आमच्या दुकानात मी दोनदा असंच केलंय आणि डिस्कबद्दल विचारलं नाही. ते लोक परत आले नाहीत, म्हणून मला कळलंच नाही काय पुसलं गेलं. तुमच्यावर ओरडताना हे माझ्या डोक्यात होतं.

हे पत्र सहा वेळा लिहिलं. पहिली पाच भांडणाची होती.

बोर्ड माझ्याकडे पाठवा, अशी विनंती आहे. नाही पाठवलंत तरी वरचं सगळं तसंच राहील.

तोमोया कुसाका


साइगो
९ ऑक्टोबर

कुसाका,

मी लिहिणारा माणूस नाही. बोर्ड ट्रकच्या दोन दिवस आधी आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलं आहे. पोकळी राहिली तिथे सुकवलेली माकुलं भरली आहेत. आदळआपट झाली तर माकूल दबतं, बोर्ड नाही. भाजून खा. मालकालाही दे.

त्या दिवशी मी शिगेयोशिला उचललं तेव्हा तो माझ्या कानात म्हणाला, “हळू टाक, कंबर गेलीय.” हे त्याच्या बायकोला अजून माहीत नाही.

पाचवं नाही, सहावं पत्र पाठवलंस ते बरं.

नोत्सु


ओसाका
३० ऑक्टोबर

सायो,

दुकानाला तीन आठवडे माकुलांचा वास आहे. मालक म्हणतो, गिऱ्हाईक आत येऊन विचारतं, इथे टीव्ही मिळतात की मासळी?

बोर्डाला वीज पुरवणारा एक भाग जळाला होता, तिळाएवढा. तो बदलला. तरी दिवा लागायचा आणि विझायचा. मग मोठ्या चिपखालचा सोल्डरचा एक टाका तडकलेला सापडला. त्याला गरम हवा द्यावी लागते. कमी दिली तर टाका धरत नाही आणि जास्त दिली तर किल्लीच जाते. शेजारीच बसते ती. आधी भंगारातल्या अकरा बोर्डांवर हात बसवला. सहा मेली. बाराव्या वेळी तुमचं घेतलं. त्या दिवशी चहा प्यायलो नाही, कुणाशी भांडलोही नाही. मालकानं दोनदा कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

त्याच नंबरच्या एका फुटक्या टीव्हीत बसवून बघितलं. चालू होतो, बंद होत नाही. किल्ली जिवंत आहे की नाही, ते मात्र तुमची डिस्क लागेपर्यंत देवालाही कळणार नाही.

बोर्ड याच डब्यातून पाठवतोय. काकाच बसवतील. त्यांना सांग :

बोर्ड फार तापतं. मागचं झाकण लावू नका, उघडंच राहू दे. एका दमात दोन तासांवर चालवू नका. आणि हा टीव्ही ती कुस्ती दुसऱ्या कशावर उतरवू देणार नाही, म्हणून समोर तिकाटण्यावर कॅमेरा ठेवा आणि पडद्याचंच चित्र घ्या. थोडं फिकट येईल, पण घरातल्या माणसानं घरातल्या टीव्हीकडे बघण्याला अजून कुणी कुलूप केलेलं नाही. हे पंधरा तारखेच्या आधी करा. एकदा तरी.

मी त्या दिवशी येऊ का? बोर्डाला काही झालं तर हाताशी असेन. फक्त बोर्डासाठी म्हणत नाहीये, हे तुला कळतंच.

तोमोया


साइगो
५ नोव्हेंबर

तोमोया,

काकांनी बोर्ड बसवलं. डिस्क लावली. पडद्यावर काही प्रश्न आला नाही. यादी आली, आणि यादीत बाबांच्या हातचं नाव : ‘सुमो. पुसू नये.’ मी बटण दाबलं, दहा सेकंद चाललं, मैदान दिसलं, खांब दिसले आणि आईनं बंद करायला लावलं. म्हणाली, पंधरालाच.

कॅमेऱ्याचं मी सांगितलं. आई म्हणाली, “दोन वर्षांनी नवरा घरी येतोय, तो आधी यंत्राला दाखवू?” माझं काही चाललं नाही. त्या दिवशीच कॅमेरा लावीन.

तू येऊ नकोस. राग धरू नकोस, आधी वाच. त्या दिवशी बावीस नातेवाईक असतील, आणि प्रत्येक मावशी विचारेल, हा कोण? माझ्याकडे उत्तर तयार नाही. घाईत दिलेलं उत्तर मला बाबांच्या फोटोसमोर द्यायचं नाही.

सायो


साइगो
१७ नोव्हेंबर

तोमोया,

क्रमानं सांगते, नाहीतर जमणार नाही.

भिक्षूंचं पठण झालं, जेवणं झाली. मग दुपारी सगळे टीव्हीसमोर बसले. मागे तिकाटण्यावर कॅमेरा. मी बटण दाबलं. बाबा आले. पांढरा पट्टा, पोट थोडं सुटलेलं, मान तशीच वाकडी. आणि मग मोठा मामा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि मिठाचा अख्खा डबा घेऊन आला.

आमच्याकडे मल्ल मैदानात उतरला की बघणारे त्याच्यावर मुठी भरभरून मीठ फेकतात. माझ्या हे डोक्यातच आलं नाही. तुझ्या तर येणारच नव्हतं. एकानं फेकलं तशी सगळ्यांनी फेकलं. मावश्यांनी, मुलांनी, भिक्षूंनीसुद्धा. “शिगेयोशि!” म्हणत सगळे उभे राहिले. पहिली फेरी झाली. काकांनी बाबांना उचललं आणि अगदी हळू टाकलं. आई म्हणाली, “बघा, पाटी ठेवावी तसा ठेवला.” लोक रडता रडता हसत होते. दुसऱ्या फेरीला दोघे वाकले, हात टेकले, पुन्हा मीठ उडालं, आणि टीव्हीच्या मागून चर्र असा आवाज येऊन पडदा काळा झाला. झाकण उघडं होतं ना.

मामाच्या हातात अजून मूठभर मीठ होतं. ते कुठे ठेवावं त्याला कळेना.

मी आईकडे बघितलं. ती काळ्या पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, “दुसरी त्यानं जिंकली होती. ती बघायची होती.”

तेव्हा नोत्सुकाका उठले. दिवसभर कोपऱ्यात बसून होते. कोट काढला, नीट घडी घातली. मला म्हणाले, “सायो, ये इकडे. तुझ्या बापाचा डावा हात इथे होता.” माझा हात घेऊन आपल्या कमरपट्ट्यावर ठेवला. “उजवा इथे. डोकं माझ्या छातीला लाव. तो असाच टेकला होता, जड.” मावशी म्हणाली, अगं, बाईमाणूस कुस्तीत? आई म्हणाली, “ही घरातली तातामीची चटई आहे, मैदान नाही. बाजूला हो, मला दिसत नाही.”

काका म्हणाले, “आता ढकल. खोटं नको. मी सोडणार आहे, पण तू खरंच ढकल. त्यानं खरंच ढकललं होतं.” मी ढकललं. कसं, मला माहीत नाही. ते तीन पावलं मागे गेले, चौथ्याला थांबले, माझ्या कानाशी म्हणाले, “इथे तो थांबला होता, दमला होता,” मग पुन्हा मागे गेले आणि सरकत्या दाराचा कागद फाडून ओसरीत पडले. मामानं हातातलं मीठ माझ्यावर फेकलं.

आई टाळ्या वाजवत नव्हती. फक्त मान हलवत होती, हो, हो, असंच, असंच.

कॅमेरा चालूच होता. काल बघितलं. पहिली फेरी जवळजवळ दिसतच नाही. सगळे उभे राहिले, त्यामुळे नुसती डोकी आणि मीठ, आणि दोन डोक्यांच्या फटीतून बाबांचा खांदा. मग काळोख. मग मी आणि काका, स्वच्छ. आईनं तीन वेळा लावायला सांगितलं.

मावशीनं विचारलंच, टीव्ही कुणी दुरुस्त केला? मी म्हटलं, तोमोयानं. तिनं पुढे विचारलं, तोमोया कोण? मी म्हटलं, त्याला बोलावते, तेव्हा बघ.

बोर्ड काढून कोरड्या तांदळात ठेवलंय. पोस्टानं पाठवणार नाही.

सायो


ओसाका
१९ नोव्हेंबर

सायो,

बोर्ड तांदळातून काढ आणि हात लावू नकोस. मीठ धुवून निघतं. आधी शुद्ध पाणी, मग स्पिरिट, मग मऊ ब्रश. किल्लीच्या चिपपर्यंत गेलं नसेल तर आठवड्याचं काम आहे. गेलं असेल तर महिन्याचं. जमणारच नाही असं असलं तर ते मी आईंना समोर बसून सांगीन.

झाकण उघडं ठेवा हे मी सांगितलं होतं. मिठाला दोष देऊ नका.

एक लपवलं होतं. पंधरा तारखेला मी शिचिरुइच्या धक्क्यावर होतो, तुमच्या बेटाची बोट सुटते तिथे. तिकीट काढलेलं होतं. बोटीची शिडी खाली होती, तपासनीस दोनदा म्हणाला, येताय का? मी म्हटलं, नको म्हणालेत. तो म्हणाला, मग आलात कशाला? बोट गेली. मी धक्क्यावर बसून राहिलो, आणि कुणावरही रागावलो नाही.

मालकाकडून दहा दिवस मागून घेतलेत. शनिवारच्या बोटीनं येतोय. सामान : सोल्डरची पेटी, स्पिरिट, तीन ब्रश, दाराच्या कागदाची गुंडाळी. काकांना सांग, दाराला हात लावू नका, कागद मी लावीन.

दुसरी फेरी आईंना दाखवल्याशिवाय मी परत फिरणार नाही. त्यानंतर परत फिरायचं की नाही, ते तू सांग. घाई नाही.

तोमोया